वॉरंटीतल्या बाईकमध्ये बाहेरचं ऑईल: डब्यावर काय बघायचं, कागदावर काय लिहून घ्यायचं

"बाहेरचं ऑईल टाकलंत तर वॉरंटी जाईल," हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकलं नाही असा बाईकवाला विरळाच. दुसरीकडे मित्र सांगतात, "ग्रेड तोच ठेव, कंपनी काही वाकडं करू शकत नाही." दोन्ही अर्धवट खरं आहे. इंजिनाला चालणारं ऑईल वेगळं आणि वॉरंटीच्या वादात टिकणारं ऑईल वेगळं. बहुतेक जण फक्त इंजिनाचा विचार करतात. डब्यावरचे आकडे जुळवतात, ऑईल ओततात, बिल चुरगळून खिशात. दोन वर्षांनी हेडमधून टकटक ऐकू यायला लागली की हातात दाखवायला काहीच नसतं.

"ग्रेड तोच ठेव" हा आत्मविश्वास बराचसा अमेरिकन व्हिडिओंमधून आलेला आहे. तिथे १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. आमच्याच ब्रँडचं ऑईल वापरा नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. घालायची तर ते ऑईल फुकट द्यावं लागतं किंवा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडून खास सूट घ्यावी लागते. याच कमिशनने २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर अशाच अटींवरून कारवाई केली होती. डॅलसमध्ये राहणाऱ्या मराठी रायडरला हा कायदा कामाचा आहे. नांदेडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो सांगून उपयोग नाही, कारण भारतात असा नेमका कायदा नाही.

आपल्याकडे जे आहे ते असं: वॉरंटी पुस्तिकेत छापलेल्या अटी आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. जोडीला भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा एक आदेश. १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड करताना आयोगाने म्हटलं की गाडी बाहेर दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेलं, आणि ते कार कंपन्यांविरुद्धचं होतं, दुचाकींविरुद्धचं नव्हे. त्यामुळे हा आदेश म्हणजे ढाल नाही. तक्रारीत उद्धृत करण्याजोगा मुद्दा मात्र नक्कीच आहे, शेवटी त्याकडे येऊ.

आधी पुस्तिका काढा

सीटखालच्या प्लास्टिकच्या पिशवीत ओनर्स मॅन्युअल असतं. त्यात वॉरंटीची दोन-चार पानं असतात, किंवा वेगळी सर्व्हिस बुकलेट असते. हरवली असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलची आणि वर्षाची पीडीएफ शोधा. वर्ष महत्त्वाचं आहे. बीएस४ आणि बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचे जुने आणि नवे सरकारी निकष) मॉडेलचं नाव तेच असलं तरी ऑईलची शिफारस बदललेली असू शकते.

ऑईलचा उल्लेख पुस्तिकेत दोन ठिकाणी असतो आणि दोन्हींचं वजन सारखं नसतं. एक देखभालीच्या प्रकरणात: "आमचं अमुक ऑईलच वापरा, इंजिनाचं आयुष्य वाढेल." हा सल्ला आहे, थोडीशी जाहिरातही. दुसरा वॉरंटीच्या अटींमध्ये, "वॉरंटी पुढील बाबतीत लागू नाही" या यादीत. खरी लढाई या दुसऱ्या जागेची. तिथलं वाक्य शब्दन्‌शब्द वाचा.

"शिफारस केलेल्या ग्रेडचं ऑईल न वापरल्यामुळे झालेलं नुकसान" असं लिहिलं असेल तर अट ग्रेडची आहे, ब्रँडची नाही. शिवाय "मुळे झालेलं" या शब्दांनी कंपनीने स्वतःला बांधून घेतलं आहे. ऑईलचा आणि बिघाडाचा संबंध तिला दाखवावा लागेल. "किंवा समकक्ष" असा शब्द कुठे असेल तर फारच छान. पण "कंपनीचं जेन्युइन ऑईल न वापरल्यास वॉरंटी रद्द" असं सरळ छापलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. कंपनीकडून लेखी होकार मिळाल्याशिवाय वॉरंटी संपेपर्यंत बाहेरच्या ऑईलच्या फंदात पडू नका. अशी अट ग्राहक आयोगात कदाचित टिकणारही नाही. पण दोन-तीनशे रुपयांच्या फरकासाठी आयोगाच्या तारखा करत बसणं कुणाला परवडतं?

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी बघा. सर्व फ्री आणि पेड सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करायची अट आहे का? बहुतेक ठिकाणी असते, आणि वॉरंटी प्रत्यक्षात जास्त वेळा बुडते ती या अटीपायी. सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरमध्ये किंवा दिवसांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, करायची असते. गाडी कमी चालवणारे दिवस विसरतात. दुसरी गोष्ट, वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचा कागद वेगळा असतो आणि अटी अनेकदा मूळ वॉरंटीपेक्षा कडक असतात. तो कागदही वाचा.

ऑईलवर कशाकशाचं खापर फुटू शकतं

हे कळलं की भीती निम्मी होते. पिस्टन जाम होणं, सिलेंडरला ओरखडे, कॅम आणि रॉकर झिजणं, क्रँकचं बेअरिंग जाणं, क्लच घसरणं, गिअरच्या दातांची झीज. या तक्रारी घेऊन गेलात की पहिला प्रश्न ऑईलचा येणार, आणि तो यायलाच हवा. क्लच प्लेट तर बहुतेक वॉरंट्यांमध्ये झिजणारा भाग म्हणून आधीच वगळलेल्या असतात.

मीटर बंद पडला, फ्युएल पंप गेला, पुढच्या शॉकअपमधून गळती लागली, वायरिंग जळलं, टाकीचा रंग उडाला, तर ऑईलचा काही संबंध नाही. "तुम्ही बाहेरचं ऑईल टाकलंय, म्हणून मीटर वॉरंटीत बसत नाही," असं कुणी म्हटलं तर नम्रपणे विचारा, "साहेब, हे जॉबकार्डवर लिहून द्याल का?" जॉबकार्ड म्हणजे गाडीच्या कामाची सर्व्हिस सेंटरने केलेली लेखी नोंद. बहुधा तिथेच सूर बदलतो.

बीएस६ गाड्यांत एक भर पडली आहे. सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फॉस्फरसने खराब होतो आणि इंजिन ऑईलमध्ये फॉस्फरस असतोच. जासो या दुचाकींच्या ऑईलसाठीच्या जपानी मानांकनात तो ०.०८ ते ०.१२ टक्क्यांच्या मर्यादेत बांधलेला आहे. म्हणजे त्या मानांकनाचं ऑईल टाकलं तर काळजीचं कारण नाही. ऑईलमध्ये वरून ओतायच्या छोट्या बाटल्या, टेफ्लॉनवाल्या, मोलिब्डेनमवाल्या, "इंजिन नवं करणाऱ्या", मात्र कन्व्हर्टर आणि क्लच दोघांच्याही मुळावर येऊ शकतात. वॉरंटीतल्या गाडीत त्या टाकूच नका. वॉरंटीबाहेरच्याही नको, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

डब्यावरचे तीन आकडे

मॅन्युअलमधून तीन गोष्टी कागदावर उतरवून दुकानात जा: व्हिस्कॉसिटी, एपीआय दर्जा आणि जासो दर्जा. दुकानदाराला "स्प्लेंडरचं ऑईल द्या" म्हणू नका. तो जे जास्त खपतं ते देईल.

व्हिस्कॉसिटी म्हणजे ऑईलचा जाड-पातळपणा: १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-५० वगैरे. हीरो स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, आजच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. १०डब्ल्यू ऑईलची चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा १०० अंशांना ऑईल किती जाड राहतं ते सांगतो.

खरं सांगायचं तर महाबळेश्वरच्या थंडीतही १०डब्ल्यू आणि १५डब्ल्यूमधला फरक आपल्या इंजिनाला फारसा जाणवणार नाही. पण वॉरंटीच्या वादात तो पहिल्या मिनिटाला जाणवेल. समोरच्याला "ग्रेडच वेगळा आहे" एवढं म्हटलं की पुरतं. म्हणून मॅन्युअलमध्ये तापमानानुसार पर्यायांचा तक्ता दिला नसेल, तर एकाही अंकाने हलू नका.

नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० टाकायची रीत आहे. "ऊन वाढलं, जाड ऑईल टाक, आवाज कमी येतो." आवाज कमी येतो हे खरं. पण चालत्या इंजिनात ऑईल तसंही शंभर अंशांच्या आसपास असतं, बाहेर ३० असो की ४६. पातळ ऑईलसाठी आखलेल्या बारीक वाटांमधून जाड ऑईल वर कॅमपर्यंत पोचायला वेळ घेतं, मायलेज थोडं घसरतं, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने कंपनीला सबब देता.

एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. तिचा दर्जा एसएल, एसएम, एसएन, एसपी अशा अक्षरांत असतो. दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. मॅन्युअलमध्ये एसएल असेल तर एसएन चालतं, उलट चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं जासो. हे जपानी मानांकन खास चार-स्ट्रोक दुचाकींसाठी १९९८ मध्ये आलं, क्रमांक टी ९०३. कारण सोपं आहे. कारचा क्लच कोरडा असतो, आपल्या गिअरवाल्या बाईकचा क्लच त्याच इंजिन ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑईलमध्ये मायलेजसाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, आणि ती क्लच प्लेटला चिकटली की क्लच घसरायला लागतो. जासो या घर्षणाचीच परीक्षा घेतं. एमए म्हणजे ओल्या क्लचसाठी योग्य. एमएमध्येच एमए१ आणि एमए२ असे दोन गट, त्यांतलं एमए२ जास्त पकड देणारं. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, अ‍ॅक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरसाठी.

मॅन्युअलमध्ये एमए लिहिलं असेल तर एमए२ चालतं. एमए२ लिहिलं असेल तर नुसतं एमए पुरेसं नाही. आणि गिअरच्या बाईकमध्ये एमबी कधीच नाही. गोंधळ इथेच होतो, कारण एकाच ब्रँडचं बाईकचं १०डब्ल्यू-३० आणि स्कूटरचं १०डब्ल्यू-३० शेजारीशेजारी ठेवलेलं असतं, डबे जवळपास जुळे. घाईत असलेला पोऱ्या कुठलाही उचलून देतो.

डब्याच्या मागे जासोची छोटी चौकट शोधा. तिच्यात एमए किंवा एमए२ आणि त्याबरोबर इंग्रजी एम अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. जासोकडे नोंदवलेल्या ऑईलांची यादी इंटरनेटवर खुली आहे, तिथे तो क्रमांक ताडून बघता येतो. पुष्कळ डब्यांवर चौकट नसते, नुसतं "एमए२ दर्जा पूर्ण करते" असं वाक्य असतं. तेवढ्याने ऑईल वाईट ठरत नाही. पण वॉरंटीतल्या गाडीसाठी मी नोंदणी क्रमांकवालंच घेईन. उद्या वाद झाला तर "कंपनी म्हणते" यापेक्षा "यादीत आहे" हे वजनदार.

मिनरल (खनिज तेलापासूनचं), फुल सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) की सेमी (दोन्हींचं मिश्रण)? वरचे तिन्ही दर्जे जुळत असतील आणि मॅन्युअलने प्रकाराची सक्ती केली नसेल तर मिनरलवरून सिंथेटिकवर जाणं हा चढता प्रवास आहे, त्यावर सहसा आक्षेप येत नाही. मॅन्युअलमध्ये सिंथेटिक किंवा सेमी लिहिलेलं असताना स्वस्तातलं मिनरल टाकणं मात्र धोक्याचं. ट्रॅक्टरसाठी आणलेलं डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू-४० बुलेटमध्ये ओतायची गावाकडची सवय वॉरंटी संपेपर्यंत तरी शेडमध्येच राहू द्या.

कंपनीला एक ईमेल

पाच मिनिटांचं काम, पण या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी. डीलरला तोंडी विचारू नका. वॉरंटी उत्पादक कंपनीची असते, डीलरची नव्हे. कंपनीच्या ग्राहक सेवा पत्त्यावर, आपल्या नोंदवलेल्या ईमेलवरून, साधारण असं लिहा. इंग्रजीत लिहिलंत तर उत्तर लवकर येण्याची शक्यता जास्त.

"माझी गाडी अमुक मॉडेल, चासी क्रमांक अमुक, खरेदी तारीख अमुक. ओनर्स मॅन्युअलच्या पान क्रमांक अमुकवर इंजिन ऑईलचा ग्रेड १५डब्ल्यू-५०, एपीआय एसएल, जासो एमए२ असा दिला आहे. हेच तिन्ही दर्जे पूर्ण करणारं दुसऱ्या ब्रँडचं ऑईल, ठरलेल्या अंतराने, आपल्या अधिकृत केंद्रातच बदलून घेतल्यास वॉरंटीवर परिणाम होईल का? होत असल्यास वॉरंटीच्या कोणत्या कलमानुसार, हे कृपया कळवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतात. "दर्जा जुळत असल्यास हरकत नाही" असं आलं तर प्रिंट काढून सर्व्हिस बुकमध्ये ठेवा, सोन्यासारखं आहे. "आम्ही आमच्याच ऑईलची शिफारस करतो" असं आलं तर कलम दाखवलेलं नाही एवढी नोंद तुमच्या बाजूने झाली. "वॉरंटी रद्द होईल, कलम अमुक" असं आलं तर निदान पैसे घालवण्याआधी कळलं.

पहिली सर्व्हिस होईपर्यंत हात लावू नका

नव्या गाडीतून पहिल्या सर्व्हिसला निघणारं ऑईल चंदेरी झाक असलेलं असतं, सुरुवातीच्या घासाघाशीतले धातूचे कण त्यात असतात. पहिली सर्व्हिस पाचशे ते हजार किलोमीटरच्या आत असते. तोवर कारखान्यातलं ऑईल, आणि त्या सर्व्हिसला कंपनीचंच ऑईल घ्या. नव्या इंजिनातला उत्पादन दोष बाहेर यायचा तर पुष्कळदा या काळात येतो, आणि तेव्हा मध्ये दुसरा कुठलाही मुद्दा असू नये. बाहेरच्या ऑईलची सुरुवात दुसऱ्या किंवा तिसऱ्या सर्व्हिसला करा.

खरेदी

बाजारात बनावट ऑईल इतकं आहे की ब्रँडच्या वादापेक्षा हा धोका मोठा मानावा. रिकामे डबे भंगारातून उचलून, गाळलेलं काळं ऑईल रंग घालून भरून, नवी सीलं लावून विकतात. म्हणून रस्त्याकडेच्या टपरीवरून नको. कंपनीचा अधिकृत वितरक, पेट्रोल पंप किंवा ओळखीचं मोठं स्पेअर पार्टचं दुकान. ऑनलाइन घेतलंत तर विक्रेता कोण ते बघा.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलावर "इंजिन ऑईल १ नग" असं मोघम नको, ब्रँड, ग्रेड आणि मात्रा हवी. दुकानदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढं येत नसेल तर पेनाने लिहून शिक्का मारायला सांगा. बॅच क्रमांक बिलावर बहुधा येत नाही, म्हणून घरी आल्यावर बिल आणि डबा शेजारी ठेवून एकाच फोटोत घ्या: पुढचं लेबल, मागचं लेबल, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख. क्यूआर किंवा खरवडायचा कोड असेल तर तिथल्या तिथे तपासा आणि त्या स्क्रीनचाही फोटो ठेवा.

मात्राही मॅन्युअलमधून. रोजच्या वापराच्या साध्या बाईकला लिटरच्या अलीकडे-पलीकडे, ३५० सीसीला त्याहून जास्त लागतं. तिथे दोन-तीन आकडे दिलेले असतात: नुसतं ऑईल बदलताना, फिल्टरसकट बदलताना, आणि इंजिन खोललेलं असताना. आपल्याला पहिला किंवा दुसरा हवा. ९०० मिलीचा डबा आणि एक लिटरचा डबा यांत गल्लत करू नका. टॉप-अपसाठी तेच ऑईल लागेल, तेव्हा थोडं जास्तच घ्या.

सर्व्हिस सेंटरमध्ये

माझा सल्ला एकच: वॉरंटी चालू असेतो ऑईल तुमचं असलं तरी हात अधिकृत केंद्राचे असावेत. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी फुकट असते, ऑईलचे पैसे तसेही आपणच देतो. म्हणून डबा सोबत नेणं गैर नाही. केंद्राला ते आवडत नाही, कारण ऑईलच्या विक्रीत त्यांचा नफा असतो आणि मागे बॅरल भरून ठेवलेलं असतं. ते समजून घ्या, आवाज चढवू नका.

गाडी देतानाच, जॉबकार्ड तयार होत असताना बोला. नंतर नाही. "दादा, ऑईल मी आणलंय, सीलबंद आहे. मॅन्युअलचाच ग्रेड आहे, हे बघा. जॉबकार्डवर तेवढं लिहा." त्यावर लिहून घ्यायचं ते एवढं: ग्राहकाने सीलबंद ऑईल आणलं, ब्रँड, ग्रेड, जासो दर्जा, मात्रा, आणि मीटरवरचे किलोमीटर. कंपनीच्या ईमेलचं प्रिंट असेल तर दाखवा. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. ऑईल फिल्टर मात्र कंपनीचाच घ्या आणि त्यांच्याकडूनच. त्यात बचत नाही, उलट बिलावर फिल्टर दिसल्याने काम तिथेच झाल्याचा पुरावा तयार होतो. स्प्लेंडरसारख्या काही इंजिनांत बदलायचा फिल्टरच नसतो, तिथे जाळी साफ केल्याची नोंद घ्या.

सुपरवायझर म्हणाला, "आम्ही बाहेरचं ऑईल टाकत नाही," तर ते धोरण लेखी मागा. देणार नाही. मग जवळचं दुसरं अधिकृत केंद्र बघा, एकाच कंपनीच्या दोन डीलरांमध्येही पुष्कळ फरक असतो. सगळीकडे नकार आला तर त्या सर्व्हिसपुरतं त्यांचं ऑईल घ्या. सर्व्हिस चुकवू नका. सर्व्हिस बुकमधला शिक्का गेला तर ऑईलचा मुद्दा चर्चेला यायच्या आधीच तुम्ही हरलेले असता.

"लिहायला नको, असंच टाकतो," असं कुणी आपुलकीने म्हणालं तर ती आपुलकी नाकारा. न लिहिलेलं बाहेरचं ऑईल हा सर्वांत वाईट प्रकार. कागदावर कंपनीचं ऑईल नाही, तुमचंही नाही, म्हणजे ऑईल बदललंच नाही असा अर्थ निघतो.

डब्यावर "१०,००० किलोमीटरपर्यंत टिकते" लिहिलेलं असलं आणि मॅन्युअल निम्म्या अंतरावर बदला म्हणत असेल, तर मॅन्युअलचं ऐका. अंतर वाढवणं ही ग्रेड बदलण्याइतकीच ठोस सबब आहे, आणि महागडं सिंथेटिक घेणारेच यात अडकतात. पैसे वसूल व्हायला पाहिजेत ना!

घरी बदलायचंच असेल तर

दोन सर्व्हिसच्या मध्ये, स्वतःच्या समाधानासाठी जास्तीचं ऑईल बदलायला सहसा आडकाठी नसते. पण अधिकृत सर्व्हिसच्या बदल्यात घरचं काम धरलं जाईल असं समजू नका.

गाडी पाच मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागी मधल्या स्टँडवर किंवा मॅन्युअल सांगेल तशी उभी करा. ड्रेन बोल्ट सैल करण्याआधी वरचं झाकण उघडा. बोल्टचा वायसर नवा टाका आणि बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यालाच आवळा. इंजिनाचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो, जोर लावून आवळलं की आटे जातात. गेलेले आटे कुठल्याच वॉरंटीत बसत नाहीत. ऑईल एकदम सगळं ओतू नका, ठरलेल्या मात्रेपेक्षा थोडं कमी घाला, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून थोडं थांबा, मग पातळी बघा. डिपस्टिक आटे फिरवून आत बसवून बघायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीला वेगळं. काचेच्या खिडकीवाल्या गाडीत गाडी अगदी सरळ हवी. वरच्या खुणेच्या पलीकडे भरलं तर ऑईलला फेस येतो आणि ते इंजिनाच्या ब्रीदर नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं.

काळं ऑईल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाल्याकडे द्या, त्याच्याकडून गोळा करणारे घेऊन जातात.

फाइल

एक प्लास्टिकचं फोल्डर आणि फोनमध्ये एक अल्बम, एवढं बस. प्रत्येक वेळचं जॉबकार्ड, सर्व्हिसचं बिल, ऑईलचं बिल, डब्याचे फोटो, मीटरचा फोटो. थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात कोरी होतात, म्हणून स्कॅन करून ठेवा. रिकामा डबा पुढच्या ऑईल बदलापर्यंत जपा, मग तळाला भोक पाडूनच भंगारात द्या, म्हणजे बनावटवाल्यांच्या हाती लागणार नाही.

जरा जास्त वाटेल, पण नव्या डब्यातलं शंभरेक मिली ऑईल स्वच्छ कोरड्या बाटलीत काढून, वर तारीख आणि बॅच लिहून ठेवलं तर वाद झाल्यास तपासणीला नमुना मिळतो. महागड्या गाडीच्या मालकाने एवढं करायला हरकत नाही.

दावा नाकारला तर

इंजिनाची तक्रार घेऊन जाल तेव्हा खोलण्याआधीच दोन गोष्टी मागा. इंजिन तुमच्यासमोर उघडायचं, आणि आतलं ऑईल तुमच्यासमोर काढून दोन बाटल्यांत सीलबंद करायचं, एक त्यांची, एक तुमची, दोन्हींवर सह्या. ऑईल एकदा काळ्या ड्रमात गेलं की ऑईल चांगलं होतं हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही, आणि वाईट होतं हे त्यांनाही. पण खर्च तुमच्या माथी येतो.

नकार लेखी घ्या, कलमाच्या क्रमांकासह आणि तांत्रिक कारणासह. "चुकीचं ऑईल" हे कारण नव्हे. कुठला भाग, कशी झीज, ऑईलशी त्याचा संबंध कसा, हे त्यात हवं. मग फाइलमधली कागदपत्रं जोडून थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि त्यांच्या विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याने गाडी बघावी अशी मागणी करा. पुष्कळ प्रकरणं इथे मिटतात. डीलरने "नाही" म्हणणं आणि कंपनीने "नाही" म्हणणं यांत फरक असतो.

गाडीवाचून अडत असेल आणि पैसे भरून दुरुस्त करावीच लागली, तर बिलावर सही करताना लिहा: "वॉरंटीचा हक्क राखून पैसे भरत आहे." आणि काढलेले जुने भाग घरी न्या. पैसे तुम्ही दिलेत, म्हणजे ते तुमचे, आणि पुरावाही तुमचा.

तरीही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते आणि मध्यस्थी होते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं तिथे चालतात, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणजे बहुतेक बाईक त्यात बसल्या. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन करता येते, आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. गाडी पुण्यात घेतली आणि आता लातूरला राहता, तर लातूरच्या आयोगात. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत करायला हवी.

तक्रारीत डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. स्पर्धा आयोगाच्या २०१४ च्या आदेशातला "तेवढ्या नुकसानीपुरतीच वॉरंटी नाकारता येईल" हा मुद्दा इथे घ्या, पण तो कारविषयीचा आहे हेही स्वतःच सांगून टाका, समोरच्या वकिलाने सांगण्यापेक्षा बरं. ऑईल आणि सुटे भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याची विनंती अर्जातच करा. आयोगाला तो अधिकार आहे, आणि तुमच्याकडे सीलबंद बाटली असेल तर त्या विनंतीला अर्थही आहे. तपासात ऑईलच बनावट किंवा सदोष निघालं, तर तक्रार फिरते ती ऑईल विकणाऱ्याकडे, आणि तिथे ते ब्रँड, ग्रेड लिहिलेलं पक्कं बिल लागतं.